शेठनी उमेदवार घेतला तेव्हा

त्या काळी नाशिकहून कळवणला आमच्या शेठच्या मोटारी जायच्या आणि त्या दुरुस्त करणारा मिस्त्री मी एकटा. वाटेत गाडी बंद पडली की समोरून येणाऱ्या गाडीबरोबर निरोप यायचा आणि मी हातातलं काम टाकून पळायचो. पोहोचेपर्यंत उतारू झाडाखाली बसून शिव्या मोजत असायचे.

एक दिवस शेठ एका तरुणाला घेऊन आले. सिन्नरचा, विणकराच्या घरातला. मागावर काम उरलं नव्हतं.

"मिस्त्री, हा उमेदवार. याला शिकवा."

"शेठ, मुंबईहून तयार माणूस आणा ना. शिकवत बसलो तर गाड्या कधी काढू?"

"तयार माणूस परत मुंबईलाच पळतो. आणि आपल्या गाड्यांच्या खोडी त्याला कुठे ठाऊक?"

मला पटलं नाही. काम रखडू लागलं. प्रत्येक नट सोडताना तो विचारायचा, "हे असंच का, मिस्त्री?" सांगताना माझी चिडचिड व्हायची. घरी जेवतानाही मन थाऱ्यावर नसायचं. हा शिकला तर शेठना माझी गरज काय?

पावसाळा सरल्यावर शेठनी त्याला कळवणच्या गाडीवर क्लीनर म्हणून धाडलं. एका संध्याकाळी गाडी आलीच नाही. निरोपही नाही. हत्यारांची पिशवी भरून मी दारात येरझारा घालत राहिलो. दिवेलागण झाल्यावर गाडी आली. तो उतरला, कोपरापर्यंत काळा.

"पेट्रोलची नळी चोंदली होती, मिस्त्री. काढून साफ केली. लय वेळ गेला."

"मला का नाही बोलावलं?"

"तुम्ही येईस्तोवर माणसं तिथंच अडकली असती."

मला बरं वाटलं, पण भरलेली पिशवी तशीच परत खुंटीला टांगावी लागली. दुसऱ्या दिवशी काम करताना कान रस्त्याकडेच होते. कुणीच बोलवायला आलं नाही.

शेठनी आणखी दोन उमेदवार घेतले, तेही शिकून गाड्यांवर जाऊ लागले. पहिला पुढे दुसऱ्या कंपनीत मिस्त्री झाला. शेठ हळहळले, पण शिकवणं बंद केलं नाही. माझी धावाधाव थांबली, तरी रिकामं बसवेना. शेडमागे एक जुनी मोटार विटांवर उभी होती, तिला हात लावायला कधी सवडच मिळाली नव्हती. ती मी हिवाळ्यात खोलली. उन्हाळ्यात शेठनी ती पेठच्या रस्त्यावर सोडली. पहिल्या फेरीला मीही बसलो. घाटात इंजिनाचा आवाज जरा बदलला की माझा हात आपोआप पिशवीकडे जायचा.