तीन थर, एक कात्री

आम्ही तिघी बहिणी, आणि आई घरीच शिवणकाम करणारी. सणाचं कापड एकाच ताग्याचं, सीताबर्डीच्या बाजारातून आणलेलं. तीन थर एकावर एक ठेवायचे आणि कात्री एकदाच चालवायची. मापाची कसर मागाहून शिवणीत काढायची. "एकीले जास्त, एकीले कमी, अशी भानगडच नको," आई म्हणायची. आम्ही भांडायचो ते भांडायचोच.

मोठी हिंगण्याला कारखान्यात होती. मागच्या उन्हाळ्यात ताप आला आणि आठवड्यात गेली. मला अजून राग येतो. कुणाचा, ते मात्र सांगता येत नाही.

यंदा दिवाळीला घरी आले, तर आईनं कापड अंथरलेलं. थर तीनच! माझा पाराच चढला.

"काहून वं आई? तिसरा कोणासाठी?"

"दोन थर कापाले हातच वळत नाही वं," ती म्हणाली आणि विषयच बदलला. "तू सांग, तू तिकडं काय करून राहिली?"

मी कणांचं गणित मांडते. इलेक्ट्रॉनला दोन भावंडं आहेत. सगळं सारखं, वजन तेवढं वेगळं. त्याच्यासकट भावंडं तीनच का, हे कुणालाच धड ठाऊक नाही. आमच्यातले काही म्हणतात, दिसतात त्यापलीकडे आणखी मिती आहेत, घड्या पडून लपलेल्या. त्या घडीत तीन जागा अगदी सारख्या, एकेका जागी एकेक भावंड. अदलाबदल केली तरी घडीला पत्ता लागत नाही. वजनं मागाहून वेगळी होतात. सिद्ध काही झालेलं नाही, बरं का. माझी उमेदीची वर्षं मात्र त्यातच चालली.

हे सगळं मी तिला तिच्याच कापडाला घड्या घालून दाखवलं.

"म्हंजे कापड एक, माप मागून," ती म्हणाली.

"हो, तसंच." मला बरं वाटलं. किती दिवसांनी ती नीट बोलत होती.

मग तिचा हात घडीवरच थांबला. "ह्या लपलेल्या जागा खऱ्याच हायेत का वं?"

"असतील."

"मंग तिथं माणूस मावते का?"

ती कुणाचं विचारतेय ते कळायला वेळ लागला नाही. हो म्हटलं असतं तर तिला त्या रात्री झोप लागली असती. शेजारची काकू म्हणतेच, पोरगी देवाजवळ सुखात आहे, आणि मी काकूवर खेकसते. माझी जीभ रेटेना.

"नाही वं आई. बहुत लहान असतात त्या. धुळीचा कण बी तिथं मावत नाही."

आई रडली नाही. दोन्ही तळवे जवळ आणून तिनं मला माप दाखवलं.

"जन्मली तवा एवढीशीच होती वं ती," ती म्हणाली. "तुयं कामच तिकडलं हाय नं. जरा पाहजो."