‘होय बाई’ला बंदी

माझ्या शिकवणीत एका उत्तराला बंदी आहे. ते म्हणजे ‘होय बाई’.

बांद्याजवळच्या आमच्या गावात, घरच्या पडवीत मी शाळेतल्या मुलांना शिकवते. धडा संपला की मी विचारायचे, “कळलां मां?” सगळी एका सुरात, “होय बाई!” आमच्याकडे बाईंना ‘नाय’ म्हणणं म्हणजे उलट बोलणं. आणि परीक्षेत भोपळा! माझा पारा चढायचा. अरे, नाही कळलं तर तसं म्हणा की! पण छे.

त्यात एक दहावीतली मुलगी होती. सहामाहीला विज्ञानात नापास. वडिलांनी बजावलं होतं, दहावी सुटली नाही तर काजूच्या कारखान्यात कामाला. पोर बिचारी डोळे मिटून पाठ करायची. प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या तिने घडाघडा म्हणून दाखवली. मी म्हटलं, “आता ह्यांच आयेक सांगतंस तसां सांग.” ती पुन्हा तीच व्याख्या म्हणायला लागली.

झालं, माझं डोकं सणकलं. “आजपासून घरी गेल्यावर धडा आईला सांगायचा, मालवणीत. तिला कळला, तरच तो पुस्तकाच्या भाषेत लिहायला बसायचं. आणि मला ‘होय बाई’ म्हणालीस तर बघ!”

आई कधी शाळेत गेलेली नव्हती. भाकऱ्या थापता थापता ऐकायची. दुसऱ्या दिवशी मुलगी आली ती रडकुंडीला येऊनच.

“बाई, मी आयेक सांगलंय, पानां उन्हात आपलां जेवाण आपणच रांधतत. तर ती म्हणता, मगे पावसात ऊन नसता तेवा झाडां उपाशी रवतत काय गो?”

“मग तू काय सांगलंस?”

“माका सांगूक येवक नाय.”

‘नाय’! तिच्या तोंडून पहिल्यांदाच. मला इतका आनंद झाला की मी तिला मिठीच मारली. मग सांगितलं, ढगांतून येणारा उजेडही झाडांना चालतो, स्वयंपाक जरा सावकाश होतो इतकंच. तेव्हापासून ती रोज काहीतरी विचारायला लागली. कधी शंका आईची असायची, कधी तिची स्वतःची. डोळे मिटून पाठ करणं हळूहळू सुटलं.

निकाल लागला. मुलगी पास, विज्ञानातसुद्धा! ती आणि तिचे आईवडील, तिघंही पेढे घेऊन आली. पेढा माझ्या हातावर ठेवत वडील म्हणाले, “पास झालां तां बरां झालां. पण कॉलेज लांब. आता शिक्षण पुरे.”

मुलीचा चेहरा उतरला. मी फटकन बोलणार होते, पण नवऱ्यापुढे कधी तोंड न उघडणारी तिची आईच बोलली.

“पुरे कसां? माजां खंय पुरे झालां? ह्यां पोर घरात बसलां तर माका कोण शिकवतलां?”

वडिलांनी एकदा तिच्याकडे, एकदा मुलीकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, सकाळची एसटी कॉलेजाकडे थांबता मां?”

“होय, होय!” मी ओरडलेच.