मावशींचा चहा

आई जपानला, निशी-कसाईत आमच्याकडे राहायला आली आणि पहिल्याच आठवड्यात कंटाळली. मुलीला शाळेत एक अमेरिकन कादंबरी होती, गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या एका काळ्या बाईची. मुखपृष्ठ बघून आई म्हणाली, "हिचं काय होतं रे पुढे? मराठीत सांग की."

मग शनिवारी दुपारी मी वाचायला लागलो, वाक्यागणिक मराठी करत. आई मेथी निवडत ऐकायची. त्या बाईच्या कडेवर मालकिणीचं बाळ झोपायचं आणि तिची स्वतःची लेक दूर गावी वाढत होती. आईचे डोळे भरून यायचे.

पुढच्या प्रकरणात त्या बाईचा पेला वेगळा होता, मागच्या दाराशी ठेवलेला. मी ते गाळलं. पुण्याच्या आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचा कपही खिडकीत वेगळा असतो. गेल्या दिवाळीत त्यात मीच चहा ओतला, जरा उंचावरून, भांडं कपाला लागू न देता. आईला वाईट वाटेल म्हणून गाळलं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

"बाबा, पेल्याचं राहिलं," मुलगी सोफ्यावरून म्हणाली. "तेच तर मेन आहे."

"कसला पेला?" आईने विचारलं.

मी वाचलं. आईने हातातली देठं खाली टाकली. मग म्हणाली, "फोन लाव तिला."

मी स्पीकरवर लावला. मावशी आईच्या झाडांना पाणी घालायला पुण्याच्या घरी आल्या होत्या.

"अगं, चहा करून घेत जा तिथे," आई म्हणाली. "आमच्या कपातून घे."

मावशी हसल्या. "जपानला जाऊन हे सुचलं होय, काकू? तुमच्याकडचा चहा मी कवाच सोडलाय. मोरीत ओतते."

"बोलली नाहीस कधी?"

"तुम्ही इचारलं कुठं?"

मला वाटलं, आई आता फोन ठेवेल. पण ती हळूच म्हणाली, "आल्यावर मी तुझ्याकडे येऊ का चहाला?"

इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणी त्यांच्या घरी गेलं नव्हतं. पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"या की," मावशी म्हणाल्या. "बिनसाखरेचा करीन. डाक्टरनं बंद केलीय ना तुमची?"

"हो," आई म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मी खाली वाकून देठं गोळा करत होतो.

"याला घालशील तेवढी चालते," ती मावशींना म्हणाली. "हाही येईल."