ओसरीवरची उर्दू

"बोट नका लावू. ही घ्या छडी."

कंधारच्या शाळेचे हेडमास्तर भरल्या वर्गात मला म्हणाले. आवाज चढवला नाही. हसूनच म्हणाले. मी चौथीतल्या एका मुलाच्या उर्दू किताबात शब्दाखाली बोट ठेवलं होतं. मुलगा वकिलाचा. ती किताब लगेच उचलली गेली. तांब्यातलं पाणी तिच्यावर शिंपडलं आणि उन्हात ठेवून दिली.

मी महारवाड्यातला. हैदराबादेत जाऊन बी.ए. झालेला. घरात माझ्याआधी कुणी अक्षर ओळखलं नव्हतं. निजाम सरकारच्या तालीम खात्यानं, म्हणजे शिक्षण खात्यानं, मला शाळाशाळांतून पाठवलं होतं. जिल्ह्यातल्या चौथीच्या सगळ्या पोरांची वाचनाची एकच परीक्षा असे. खात्याचे मोठे साहेब, मोहतमीम, स्वतः येत आणि एकेकाला उर्दू किताब वाचायला लावत. पास होईल त्यालाच नांदेडला पुढं शिकता येई. पोरं मराठी घरची, उर्दूत अडखळायची. त्यांची तयारी कशी करून घ्यावी, हे मी मास्तरांना दाखवायचं. म्हणजे मी मास्तरांचा मास्तर. पण किताबापासून हातभर लांब उभा.

तरी मन लावून शिकवलं. सरकारनं शिकवलं, नोकरी दिली, थोडं सोसावं, असं मनाला सांगत होतो. हेडमास्तरही तेच सांगत. "तुमच्या लोकांत एवढा शिकलेला दुसरा कोण हाय? उपकार ठिवा."

आमची पोरं बाहेर ओसरीवर बसत. चार-पाच होती. मास्तर आत बोलत, ही दारातून ऐकत. मधल्या सुटीत मी त्यांच्याकडे गेलो. लिंबा नावाचा पोरगा पुढं सरसावला. धडा घडाघडा म्हणून दाखवला. एक शब्द चुकला नाही. मला बरं वाटलं. मग खाली पाहिलं.

त्याचं बोट डावीकडून उजवीकडं सरकत होतं. मराठीसारखं.

उर्दू उजवीकडून वाचतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शिकवायला बाहेर येऊन त्याच्या किताबाजवळ वाकावं लागलं असतं. तेवढं कुणी वाकलं नव्हतं. चार वर्षं पोरगं कानानं शिकलं होतं.

मला हदगावचे माझे मौलवी आठवले. ते ओसरीवर मांडी घालून माझ्याजवळ बसत, माझं बोट धरून ओळीवरून नेत. मी बी.ए. झालो तो त्या बोटामुळं. सरकारमुळं नाही.

त्या दिवसापासून मी ओसरीवर बसू लागलो. किताब मांडीवर, बोट शब्दाखाली. लिंबा घाबरून म्हणाला, "गुरुजी, आता तर मला काईच येईना झालं." खरंच होतं. पाठ केलेलं मोडत होतं, वाचणं जुळायचं होतं. मी म्हटलं, "येऊ दे हळूहळू. पण पाहून वाच."

मोहतमीम टांग्यातून आले, त्या सकाळी ओसरी रिकामी होती. हेडमास्तरांनी पोरांना साहेबांच्या घोड्यासाठी गवत आणायला ओढ्याकडं धाडलं होतं. दर मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, हेच चाले. पोरं गैरहजर लागत आणि शाळेचा निकाल चांगला दिसे. मी ओढ्यावर गेलो. पोरांना घेऊन आलो. गवत तिथंच राहिलं.

साहेब आत परीक्षा घेत होते. वकिलाच्या मुलानं धडा फडाफडा म्हटला. डोळे खिडकीबाहेर. आठ दिवस तोच धडा मास्तरांनी घोकून घेतला होता. साहेब म्हणाले, "शाबाश."

मी दारातून सांगितलं, बाहेरची राहिलीत. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग लिंबाला उंबऱ्याशी उभं करून दुसऱ्याच पानावर बोट ठेवलं.

लिंबानं ते पान कधी ऐकलंच नव्हतं. तो एकेक अक्षर जोडत गेला. उजवीकडून. कपाळावर घाम. एक ओळ पुरी झाली. चुकीशिवाय. त्या शाळेत त्या दिवशी खरं वाचलं ते त्यानं एकट्यानं.

"बहुत सुस्त है," साहेब म्हणाले. "नापास."

मी बोललो की आतल्या पोरांना हेच पान द्या, मग पाहा. साहेबांनी मान वळवली, ओसरीवरच्या बाकीच्यांना बोलावलंही नाही. हेडमास्तर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पाहिलं? म्हून तर गवताला धाडलं होतं."

लिंबा उंबऱ्याशीच उभा होता. मला विचारत होता, "गुरुजी, बराबर वाचलं ना म्या?" मी म्हटलं, बराबर वाचलं. पुढचं काय सांगणार? नांदेड बंद झालं होतं.

टांग्यात बसताना साहेबांनी मला समजावलं. पोरगा हुशार आहेस, बाहेरच्यांवर वेळ घालवू नकोस, खात्यात वर जाशील. मी ऐकून घेतलं. आभार मानले नाहीत. पहिल्यांदाच.

पुढची शाळा भोकरची. तिथंही ओसरीवर पोरं होती. हेडमास्तर दारात येऊन म्हणाले, "या, आत या. मास्तर लोक वाट पाहून राहिले."

"आधी ही पोरं आत बसतील," मी म्हणालो. "मग मी."

"असं कसं? साहेबांना कळवावं लागंल."

"कळवा."

ते दारात उभे राहिले. मी अंगणात. त्या दिवशी भोकरच्या शाळेत परीक्षेची तयारी सुरू झाली नाही. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच मी त्या अंगणात जाऊन उभा राहिलो.