दोन केंद्रकांची पेशी

मी जालन्याहून अप-डाऊन करणारी मास्तरीण. भोकरदनच्या अलीकडे ज्या गावात शिकवते, तिथं मानापानाचं फार. पोळ्याला पहिला बैल कोणाचा, जत्रेत नारळ कोणी फोडायचा, लग्नात माईकवर नाव कोणाचं आधी घ्यायचं, सगळ्यावर भांडण ठरलेलं. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही मी सातवीच्या पोरांची मैदानावर विज्ञानातली पेशी उभी करायला निघाले, म्हणजे माझी अक्कल त्या दिवशी चरायलाच गेलेली असणार.

तशी वेळही आली होती म्हणा. जूनपासून एका इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावच्या फाट्यावर यायला लागली होती आणि आमचा पट घसरत होता. पंधरा ऑगस्ट झाला की आत्ताच्या सरपंचांचा मुलगा आणि माजी सरपंचांचा मुलगा, दोघंही गाडीत बसणार असं कानावर आलं. ही दोन गेली की बाकीची मागोमाग जाणार आणि वर्गाला कुलूप लागणार, हे कळायला ज्योतिषी लागत नाही. ज्यांना गाडीचा खर्च झेपतो त्यांचं ठीक होतं. पण वर्गात एक मुलगी होती. तिची आई दुसऱ्यांच्या रानात निंदायला जायची. तिनं मला स्पष्ट सांगितलं होतं की शाळा गावात आहे तोवर पोरीला शिकवीन, बाहेरगावी धाडणार नाही, मग ती माझ्यासोबत रानात येईल. हे बोलणं चाललं तेव्हा पोरगी शेजारीच उभी होती.

म्हणून ठरवलं, पंधरा ऑगस्टला अख्खं गाव झेंड्याला येतं, तेव्हा दाखवून द्यायचं की विज्ञान आम्हालाही शिकवता येतं. पालकसभेत मी ऐटीत सगळं समजावून सांगितलं. ही वनस्पतीपेशी. हातात हात घालून गोल उभी राहतील ती पोरं पेशीभित्तिका. हिरव्या कपड्यातली हरितलवकं, ती ऊन खाऊन अन्न करतात. एक जाडसर पोरगा पाण्याची टाकी, म्हणजे रिक्तिका. लयकारिका पेशीतला कचरा साफ करते, तिला आत्मघाती पिशवी म्हणतात, असंही बोलून गेले आणि एका आईनं आपलं लेकरू तिथल्या तिथं मागे घेतलं. आणि मधोमध केंद्रक, पेशीचा सगळा कारभार तेच चालवतं.

कारभार हा शब्द ऐकताच दोन्ही सरपंच खुर्चीत सावरून बसले.

दोघांनाही केंद्रक पाहिजे होतं. आत्ताच्या सरपंचांचं म्हणणं, कारभार सध्या आमच्याकडे आहे. माजी सरपंचांचं म्हणणं, शाळेच्या खोल्या कोणाच्या काळात झाल्या ते विचारा. शेवटी माजी सरपंचांनी तोडगा काढला. कार्यक्रम पाच मिनिटांचा आहे, तर अडीच मिनिटं ह्याचं पोरगं, अडीच मिनिटं त्याचं. त्यावर सरपंच म्हणाले की पहिला बसतो तो उठत नाही, आपण महाराष्ट्रात राहतो. हे मात्र मला पटलं.

मी वैतागून जीवाणूची पेशी काढली. त्यात पडद्यातलं, नीटनेटकं केंद्रकच नसतं, सगळा मामला उघड्यावर असतो. इतकी वर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारी ती दोन माणसं माझ्यावर एका सुरात उखडली.

"केंद्रकच न्हाई? मंग कारभार कोण करून राह्यलं?"

तेव्हा मला बुरशी आठवली. बुरशीच्या एका पेशीत दोन केंद्रकं असू शकतात, जास्तही असतात. बुरशी म्हणजे घराण्याला बट्टा, अशी कुजबुज झाली खरी, पण अळंबी बाजारात काय भावानं जाते ते सांगितल्यावर दोघंही 'बराबर' म्हणाले. प्रश्न उरला हरितलवकांचा. बुरशीला ती नसतात आणि इकडे चार आयांनी हिरवे फ्रॉक शिवून ठेवलेले. त्या मला जिवंत सोडणार नव्हत्या. मग सोयाबीनवर तांबेरा पडतो तशी ही बुरशी पानावर जगते असं सांगून मी हिरवी पोरं बाजूला पान म्हणून उभी केली. भित्तिका बुरशीलाही असते, ती तशीच राहिली. भिंत व्हायला कोणाच्याच आईबापाला आवडत नव्हतं. ती रानात जाणाऱ्या बाईची पोरगी आपणहून पुढं आली. भित्तिका काय करते, असं तिनं विचारलं. पेशीला धरून ठेवते, म्हटलं, ती फुटली की पेशीचं काही खरं नाही. काहीही झालं तरी माझी शिट्टी वाजेपर्यंत हात सोडायचे नाहीत.

पंधरा ऑगस्टला झेंडा झाला, जिलेबीची टोपली झाकून ठेवली आणि बुरशी मैदानात उतरली. दोन्ही केंद्रकं फेटे बांधून मध्ये उभी. ऐनवेळी माजी सरपंचांच्या केंद्रकाला तुरा फुटला. केंद्रकाला तुरा कुठल्या पुस्तकात आहे, पण मी गिळलं. मग माईक हातात घेतला आणि एका पोराकडे बोट करून सवयीनं म्हणून गेले, हे पाहा केंद्रक क्रमांक एक.

झालं. ज्याच्या पोराकडे मी बोट केलं नव्हतं तो बाप पोरांच्या हाताखालून वाकून पेशीत शिरला, की दोन नंबर कोणाला म्हणता. त्याला अडवायला दुसरा बाप शिरला. पाण्याची टाकी घाबरून खाली बसली. दोघांनी आपापल्या पोराचं मनगट धरलं आणि गावासमोर जाहीर केलं की उद्यापासून आमचं लेकरू पिवळ्या गाडीत. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते माझ्याच तोंडानं बुडालं होतं.

मग ते बाहेर पडायला वळले तर वाट नाही. भिंतीतल्या पोरांनी कोपरात कोपर अडकवलं होतं. सरपंच खाली वाकले की भिंत खाली बसायची, उभे राहिले की उभी राहायची. डावीकडे सरकले की भिंतही सरकायची. गाव पोट धरून हसत होतं, आणि पंधरा ऑगस्टला लेकरांवर हात उगारणार कसा? माजी सरपंच माझ्यावर ओरडले, मॅडम, ही भिंत खोला. शिट्टी माझ्या गळ्यातच होती. मी ती पदराखाली सारली.

तेव्हा ती पोरगी बोलली. माईकशिवाय तिचा आवाज मागेपर्यंत ऐकू गेला.

"आधी बोला, पोरं इथंच ठेवणार. मंग हात सोडते."

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. आधी कोण बोलणार? आधी बोलला तो वाकला. हिरवी पोरं कंटाळून जिलेबीच्या टोपलीकडे गेली तरी कोणी बोलेना. शेवटी सरपंच पुटपुटले की ते ठेवत असतील तर आमचंही राहील. त्यावर माजी सरपंच छाती काढून म्हणाले, आमचं तर बिलकुल कुठं जाणारच नव्हतं, गाडीचं कोणी उठवलं? टाळ्या पडल्या. मी शिट्टी फुंकली. भिंत फुटली आणि पोरं जिलेबीवर तुटून पडली.

ती पोरगी तेवढी जागची हलली नाही. दोन्ही हातांच्या मुठी तशाच वळलेल्या. मी जवळ जाऊन म्हटलं, अगं सोड आता, जिंकलीस की. तिनं माझाच हात धरला.

"मॅडम, मोठी माणसं बोलतात नुसतं. उद्या गाडी आली तर?"

मला रागच आला, तिचा नाही, तिला हे इतक्या लवकर कळलं त्याचा. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बसनं आले आणि तिला घेऊन फाट्यावर जाऊन उभी राहिले. तिनं माझा हात कालसारखाच घट्ट धरला होता. पिवळी गाडी आली. हॉर्न वाजला, परत वाजला. क्लीनरनं दार उघडून गावाकडे मान लांबवली. सरपंचांच्या त्या दोन पोरांपैकी कोणी आलं नाही. गाडी धूळ उडवत भोकरदनकडे निघून गेली.

मी म्हटलं, चल, परिपाठाला उशीर होतोय. ती गाडी वळणाआड जाईस्तोवर बघत राहिली, आणि मग तिनं माझा हात सोडला. माझी बोटं पार बधिर झाली होती.