पद्मिनीअक्कांचा बंद मॉनिटर

पद्मिनीअक्कांच्या टेबलावरचा मॉनिटर दिवसभर बंद असायचा. बाकी सगळं चालू. खाली सीपीयूचा पंखा घरघरत असायचा, बोटं कीबोर्डवर पळत असायची, एका कानात हेडफोन, दुसरा कान ऑफिससाठी मोकळा. मी रुजू झाले त्या दिवशी मला वाटलं, बाईंचा मॉनिटर बिघडलाय आणि दुरुस्ती करणारा येईपर्यंत त्या उगाच बोटांना व्यायाम देताहेत. मी शेजारच्या खुर्चीवर बसता बसता तसं इंग्रजीत म्हणालेही. त्या हसल्या आणि माझं नाव विचारलं. मी आडनावासकट सांगितलं, तशी त्यांची बोटं थांबली.

"तूं मराठी कीं? कोठली?"

चेन्नईत येऊन मला फार दिवस झाले नव्हते, पण कोणी आपल्या भाषेत बोलेल ही आशा मी सोडली होती. मी कोल्हापूरचं नाव घेतलं. "आम्ही तंजावरचे," त्या म्हणाल्या, "आमच्या घरीं अजून मराठीच. मात्र तुज ती ओळखूं येईल कीं नाहीं, देव जाणे." मी त्यांना मॅडम म्हणाले, तर हात हलवून म्हणाल्या, "अक्का म्हण." आमच्याकडेही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. तो एक शब्द दोघींचा सारखा निघाला, आणि आमचं जमलं ते तिथूनच.

आमचं ऑफिस जॉर्ज टाउनमध्ये, कागदाच्या घाऊक दुकानांच्या वरच्या मजल्यावर होतं. बंदरात कंटेनर उतरवून घेणाऱ्या एका कंपनीचा डेटाबेस आम्ही सांभाळायचो. कुठला कंटेनर कोणाचा, कुठे उभा आहे, कधी सुटणार, हे सगळं त्यात. तो बिघडला की बंदराच्या फाटकाशी ट्रकांची रांग लागायची. कॉलेजात मी हे काम खिडक्या उघडून, बटणं दाबून शिकले होते. इथे समोर आला तो काळा पडदा. त्यावर एक छोटी खूण लुकलुकत राहते. संगणक जणू 'बोला' म्हणून थांबलेला असतो. आपण आज्ञा टाइप करायची, एंटर दाबायचं, तो उत्तर देतो, मग पुढची आज्ञा. याला कन्सोल म्हणतात. मला त्याची भीती वाटायची.

अक्कांना दिसत नव्हतं. डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होत जाण्याचा आजार होता त्यांना. तरुणपणी संध्याकाळच्या वेळी पायऱ्या चुकायला लागल्या, मग कडांचं दिसेनासं झालं. मी भेटले तेव्हा खिडकीचा उजेड आणि त्या उजेडाच्या आड उभा राहिलेला माणूस, एवढंच त्यांना जाणवायचं. कन्सोलवर जे उमटेल ते एक सॉफ्टवेअर त्यांच्या कानात वाचायचं, टेप भरभर पुढे पळवल्यावर येतो तशा चिरक्या आवाजात. मी एकदा हेडफोन लावून पाहिला. एक शब्द कळेल तर शपथ. "तुज चित्रें लागतात," त्या म्हणाल्या, "मज अक्षरें पुरतात. चित्र माझ्याशीं बोलत नाहीं."

त्यांच्या मराठीने माझी पहिल्याच आठवड्यात फजिती केली. मी काहीतरी चुकीची आज्ञा दिली आणि पडद्यावर लांबलचक तक्रार उमटली. मी घाबरून अक्कांना हाक मारली. त्या शांतपणे म्हणाल्या, "घाबरूं नको. त्यास पूस." मी पर्समधून रुमाल काढला आणि मॉनिटर पुसायला लागले. काचेवर कापड घासल्याचा आवाज ऐकून त्यांनी विचारलं, "काय करतेस?" मी म्हणाले, "पुसतेय." क्षणभर त्यांना कळेना. मग कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की पलीकडचे शंकरन सर, आमचे मॅनेजर, उठून बघायला आले. आपल्याकडे जुन्या अभंगांत 'पुसणे' म्हणजे विचारणे असतं, ते त्यांच्या घरी रोजच्या बोलण्यात होतं. नंतर काही अडलं की त्याच म्हणायच्या, "पूस. पण रुमाल नको."

हसणं वेगळं आणि काम वेगळं. मी कामात मागे पडत होते. तमिळ येत नव्हती, मीटिंगमधल्या निम्म्या गोष्टी निसटायच्या, आणि कन्सोलसमोर मी घाईघाईने चुकीच्या आज्ञा द्यायचे. शंकरन सर वाईट नव्हते, पण एक दिवस त्यांनी स्पष्टच सांगितलं की असं चाललं तर मला ठेवता येणार नाही. मी जिन्यात जाऊन रडत बसले. कठड्याला धरून अक्का खाली आल्या आणि माझ्या शेजारी पायरीवर टेकल्या.

"मी शंकरनशीं बोललें," त्या म्हणाल्या. "त्यास म्हटलें, ही मुलगी कांहीं दिवस मजकडे दे. मग काय तें ठरव."

"अक्का, मला नाही जमणार."

"कां म्हणून? तूं हुशार आहेस. घाई करतेस, येवढेंच. समोरचा बोलायच्या आधीं तूंच बोलून टाकतेस. पोरुमै पाहिजे, कण्णा. धीर." कण्णा म्हणजे तमिळमधलं लाडाचं 'बाळा'.

दुसऱ्या दिवसापासून मी माझा संगणक घेऊन त्यांच्या टेबलाशी. नियम एकच. प्रत्येक आज्ञा मोठ्याने वाचायची आणि मगच एंटर. "एंटर म्हणजे शब्द देणें," त्या म्हणायच्या, "दिलास कीं गेला." मी वाचायचे, त्या डोकं थोडं कलतं करून ऐकायच्या आणि कुठे स्वल्पविराम राहिला तर बोटाने टेबलावर टकटक करायच्या. बॅकअप घेणं, तो दुसरीकडे चढवणं, कोणाला कुठली परवानगी आहे ते तपासणं, जागा किती उरली ते बघणं, सगळं असं बोलून बोलून शिकले. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की हा काळा पडदा माणसापेक्षा सरळ आहे. तो कधी टोमणा मारत नाही. विचारलं तेवढंच सांगतो, आणि चुकलं तर का चुकलं तेही सांगतो, फक्त ते शेवटपर्यंत वाचायला हवं.

तमिळही त्यांनी अशीच शिकवली. दुपारी खाली फुलवाल्या बाईकडे पाठवायच्या, सोबत एकच वाक्य देऊन. "हें बोल, आणि ती काय म्हणते तें आइक. समजलें नाहीं तरी आइक. परत येऊन मज सांग." मी वर येऊन त्या बाईची नक्कल करायचे, अक्का अर्थ सांगायच्या आणि गजरा केसांत माळायच्या. काही महिन्यांत मी मांबलम स्टेशनबाहेर भाजीवाल्याशी भाव करायला लागले. वेस्ट मांबलमच्या माझ्या हॉस्टेलमधल्या मुलींना खरं वाटेना.

रविवारी कधी कधी त्या तिरुवल्लिकेणीच्या घरी जेवायला बोलवायच्या. अरुंद गल्ली, दारात कोलमची रांगोळी, आत त्यांचे यजमान गोविंदराव, पोस्टातून निवृत्त झालेले. ते भाजी चिरून द्यायचे, फोडणी अक्का टाकायच्या. मोहरी तडतडली की नाही हे कोणाला विचारावं लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. सारू म्हणजे आपलं सार, दह्यात कालवलेली डांगर पचडी आणि गरम भात. मुलगा बंगळूरला नोकरीला होता. त्याचा फोन यायचा तेव्हा अक्का मराठीत विचारायच्या आणि पलीकडून तमिळमध्ये उत्तर येत असावं, कारण तिसऱ्या वाक्याला त्याही तमिळमध्ये जायच्या. गोविंदरावांचंही तेच. मराठी समजायची, पण बोलायची सवय गेली होती. मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नाही.

मग ते नवीन टूल आलं. आमच्याच कंपनीतल्या दुसऱ्या एका टीममध्ये कोणीतरी कन्सोलवरून भलताच तक्ता उडवला होता आणि त्यावरून बरंच रामायण झालं होतं. बंदराच्या कंपनीने कळवलं, यापुढे डेटाबेसवर थेट कन्सोल कोणालाच नाही. सगळं काम नव्या टूलमधून, जिथे प्रत्येकाने काय केलं याची नावानिशी नोंद राहते. ते टूल म्हणजे खिडक्या, बटणं, रंगीत आलेख. अक्कांचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यासमोर मुकं झालं. प्रत्येक बटणावर ते फक्त "ग्राफिक, ग्राफिक" म्हणायचं.

शंकरन सरांनी अक्कांना बोलावून सांगितलं की त्यांना हेल्प डेस्कवर, फोन घ्यायला बसवावं लागेल. पगार तोच. ते हे सांगताना खूप अवघडले होते. अक्का "सरि", म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या आणि जागेवर आल्या. बराच वेळ त्यांनी कीबोर्डला हात लावला नाही. मग मला म्हणाल्या, "मेघा, माझा मॉनिटर लाव."

मी बटण दाबलं. नव्या टूलची पांढरी खिडकी उघडली. अक्कांनी चेहरा काचेच्या अगदी जवळ नेला, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे केला.

"पांढरें आहे," त्या म्हणाल्या. "येवढेंच."

मग त्यांनीच चाचपडून बटण शोधलं आणि तो बंद केला.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आता ऐकायची पाळी माझी आहे. नव्या टूलची जाडजूड पुस्तिका घेऊन मी रोज दुपारी त्यांच्यासमोर बसले आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लागले. जेवणाच्या सुट्टीत, कॅन्टीनच्या कोपऱ्यात, दहीभात खाता खाता. अर्ध्यावर आल्यावर एक ओळ सापडली. हेच टूल खिडकीशिवायही सुरू करता येतं, तेव्हा ते स्वतःचा कन्सोल उघडतं, आणि खिडकीत चालणारी सगळी कामं तिथे आज्ञा देऊन करता येतात. परवानग्या त्याच, नोंदी त्याच. मी थांबले.

"परत वाच," अक्का म्हणाल्या. मी परत वाचलं. त्यांनी दहीभाताचा डबा बाजूला सारला. "चल वर."

चाचणीच्या डेटाबेसवर सरावाचे पहिले काही दिवस मजेचे गेले. बॅकअप चालू असताना ते टूल टक्केवारी दाखवत बसायचं, आणि अक्कांच्या कानात तो चिरका आवाज एकेक टक्का मोजायचा. "हें काय लिलाव चालला आहे काय!" त्या वैतागायच्या. मग त्यांनी टूललाच मदत विचारून विचारून ती बडबड बंद करायची आज्ञा शोधून काढली.

हा कन्सोल खऱ्या डेटाबेसवर वापरायला परवानगी लागणार होती, म्हणून शंकरन सरांनी बंदराच्या कंपनीतल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यांना बोलावलं. चाचणीच्या डेटाबेसवर अक्का बॅकअप चढवून दाखवणार होत्या. सुरू करायच्या आधी त्या मला तमिळमध्ये म्हणाल्या, सगळ्यांना कळेल असं, "मॉनिटर लाव. ज्यांना दिसतं त्यांची सोय नको का करायला?" खोली हसली.

अर्ध्यावर काम थांबलं. पडद्यावर ओळ उमटली, जागा अपुरी. मी पुढे झुकले. अक्कांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांनी टूलला विचारलं, जागा कुठे आहे. ऐकलं. दुसरं ठिकाण दिलं, आज्ञा मनातल्या मनात पुटपुटून वाचली, एंटर. काम पुढे सरकलं आणि पुरं झालं.

अधिकाऱ्यांनी नोंद दाखवायला सांगितली. अक्कांच्या नावाखाली प्रत्येक आज्ञा होती, ती थांबलेलीसुद्धा. त्यांनी सगळी शांतपणे वाचली. "ठीक आहे," ते म्हणाले, "पद्मिनी मॅडमना ही परवानगी देऊ."

मी सुटकेचा श्वास टाकणार, तोच अक्का म्हणाल्या, "नको, सर."

शंकरन सरांनी डोळे मिटले.

"मला एकटीला नको. ज्याला हे काम येतं त्या सगळ्यांना द्या. मला एकटीला दिलीत तर ती मेहेरबानी होईल. उद्या तुमच्या जागी दुसरं कोणी आलं की काढून घेईल. सगळ्यांना दिलीत तर ती कामाची पद्धत होईल."

अधिकाऱ्यांनी शंकरन सरांना तसं लिहून पाठवायला सांगितलं. हेल्प डेस्कचं नाव पुन्हा निघालं नाही.

पुढची काही वर्षं मी अक्कांच्या शेजारीच काम केलं. मग लग्न ठरलं, पुण्यात नोकरी मिळाली. निघताना त्या आणि गोविंदराव मला सोडायला चेन्नई सेंट्रलला आले. मी गाडीत चढून खिडकीशी बसले. मी तेच बोलले जे इतकी वर्षं बोलायचं राहिलं होतं. तुम्ही त्या दिवशी जिन्यात आला नसता तर मी पुढच्याच गाडीने परत गेले असते. आज मला जे काही येतं ते तुमचं आहे.

अक्कांनी खिडकीचे गज धरले होते. त्या म्हणाल्या, "तूं समजतेस मीं तुज दिलें. अगे, माझी आई गेली तेव्हांपासून ह्या भाषेंत मज उत्तर देणारें कोणी नव्हतें. मी घरांत बोलायचें आणि उत्तर तमिळमध्यें यायचें. तूं आलीस, आणि रोज सकाळीं ऑफिसांत येऊन मराठी बोलायला मिळूं लागलें. तुज ठेवून घे म्हणून मी शंकरनच्या मागें लागलें, तें कांहीं केवळ तुझ्यासाठीं नव्हे."

गोविंदराव दुसरीकडे बघत होते. मग ते पुढे आले आणि अडखळत, एकेक शब्द शोधत, मराठीत म्हणाले, "जाऊन ये, बाळ." अक्कांनी चमकून त्यांच्याकडे मान वळवली.

गाडी हलली. अक्का हात हलवत राहिल्या, मी होते त्याच्या थोड्या पुढच्या डब्याकडे बघून. माझ्या समोर बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी मला पदराने डोळे टिपताना पाहिलं आणि तमिळमध्ये विचारलं, "अम्मावा?" आई का?

घरी कोल्हापुरात माझी आई वाट बघत होती. तरी मी म्हणाले, "आमा." हो.