स्क्रूच्या भोकातलं कुंकू

मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. त्यामुळे कॉम्प्युटरबद्दल मी जे बोलेन ते घरात खरं धरलं जाई. ही सोय फार वाईट. पहिल्या वर्षाला असताना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खंडेनवमीला मला जळगावहून सीपीयू गावी आणायला लावला. अवजारांच्या पूजेत तो नको का? पॅसेंजरमध्ये डबा मांडीवर धरून मी दोंडाईच्याला उतरलो. विळा, कुऱ्हाड, फवारणीचा पंप आणि सीपीयू अशी रांग लागली.

आबा म्हणाले, "उघाड त्याले. याना मेंदू कोठे शे?"

मी ठामपणे हार्ड डिस्ककडे बोट दाखवलं. मेंदू म्हणायचंच तर तो प्रोसेसर, हे मला सहा महिन्यांनी वर्गात कळलं. तोवर घरातल्या विद्वानाने चूक कबूल करायची वेळ निघून गेली होती. म्हणून तीन वर्षं टिळा हार्ड डिस्कला लागत राहिला.

शेवटच्या वर्षी मी कपाशीच्या पानाचा फोटो पाहून रोग ओळखायचा प्रोजेक्ट घेतला. माझा कॉम्प्युटर एका पानाला इतका वेळ लावी की तेवढ्यात रोग शेतभर पसरला असता. शेवटी मी मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम नवीन घ्यायचं ठरवलं. डिस्क आणि तिच्यातली विंडोज मात्र जुनीच ठेवायची. प्रोजेक्ट चालवणारं सॉफ्टवेअर एका सीनियरने बसवून दिलं होतं. त्याला पुण्यात नोकरी लागली आणि तेव्हापासून तो फोन उचलत नव्हता. ती मांडणी पुन्हा जमवणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं आणि तोंडी परीक्षा चार दिवसांवर होती. बॅकअपची व्याख्या लिहून मी पूर्ण गुण मिळवले होते. बॅकअप घेतला नव्हता.

दुकानात नेण्याआधी डिस्क बाहेर काढली तर वर कुंकू. मला लाज वाटली. जळगावच्या दुकानात हसतील. ओल्या रुमालाने घासघासून पुसलं, त्यात वरचा स्टिकरही निघाला. डिस्क एकदम शहरी दिसायला लागली.

दुकानाच्या मालकाचं, शेठचं, घराणं मूळचं राजस्थानातलं. आधी त्या जागेत कापडाचं दुकान होतं, आता तिथे मॉनिटर होते. विकण्याची पद्धत तीच राहिली होती.

"नवा बोर्ड म्हणजे विंडोज नवी. सब फॉरमॅट," शेठ म्हणाले. "नवरदेवाला जुना सदरा घालतात का, भाऊ?"

"पण शेठ, त्याच्यात माझा प्रोजेक्ट..."

"अरे, होऊन जाईल! मेव्हणे बघतात."

'फॉरमॅट करू नका' हे वाक्य मी रस्त्यात तयार करून आणलं होतं. तोंडातून आलं ते, "बरं, शेठ." मग डिस्क काउंटरवरच ठेवून समोरच्या टपरीवर गेलो आणि ते तयार वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा नीट जमलं तेव्हा चहावाला म्हणाला, "मी कुठं करून राहिलो फॉरमॅट? चहा घ्या."

परत आलो तर मेव्हणे कामाला लागले होते. हे शेठच्या बायकोचे भाऊ आणि दुकानाचे इंजिनिअर. कुठे शिकले हे विचारायचा रिवाज नव्हता. त्यांच्यासमोर ट्रेमध्ये दोन डिस्क होत्या आणि तिसरी वायरीला जोडलेली. एकीलाही स्टिकर नाही, कारण जुन्या मालाचे स्टिकर काढून दुकानाचे लावायचे, हा तिथला धंदा होता.

"माझी फॉरमॅट करू नका," मी पुटपुटलो. बोललो तरी एकदाचं.

"तुझीला हात नाही लावला. ती ट्रेमध्ये. ही दुकानाची, विकायची आहे," म्हणत त्यांनी माउसकडे हात नेला.

स्क्रीनवर सगळं पुसायची परवानगी विचारणारी चौकट आली होती. मी जोडलेल्या डिस्ककडे पाहिलं. तिच्या कडेला, स्क्रूच्या भोकात, लाल काहीतरी होतं.

"थांबा! ती मनी शे!"

इतक्या मोठ्याने मी त्या शहरात काहीही 'माझं' म्हणून कधी ओरडलो नव्हतो, आणि अहिराणीत तर मुळीच नाही. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मेव्हण्यांनी हात मागे घेतला, भोकात करंगळीचं नख घातलं आणि म्हणाले, "गंज आलाय हिला."

"कुंकू आहे," मी म्हणालो. सगळे हसले. मीही हसलो, पण डिस्क आधी हातात घेतली.

नव्या बोर्डावर ती लगेच चालू झाली नाहीच. शेठनी विजयी मुद्रेने मेव्हण्यांकडे पाहिलं. मी मोबाईलवर वाचत बसलो. बोर्ड नव्या पद्धतीने सुरुवात शोधत होता आणि माझी विंडोज जुन्या पद्धतीने बसवलेली होती. बोर्डाच्या सेटिंगमध्ये जुनी पद्धत चालू करायचा एक पर्याय होता. तो निवडला. मशीन दोनदा बंद-चालू झालं आणि आमच्या कपाशीच्या शेताचा माझा जुना वॉलपेपर पडद्यावर आला. प्रोजेक्ट उघडला. पान टाकलं. रोग ओळखला. बोर्ड बदलल्यामुळे कोपऱ्यात फक्त 'विंडोज अॅक्टिव्हेट करा' अशी फिकट ओळ आली होती.

"बोललो होतो ना, होऊन जाईल!" शेठ म्हणाले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी प्रोजेक्टकडे ओझरतं पाहिलं आणि सगळा वेळ त्या कोपऱ्यातल्या ओळीवरच प्रश्न विचारले. तरी पास केलं.

आबांना फोन केला.

"टिळा व्हता ना त्याले?" त्यांनी आधी हेच विचारलं.

"व्हता, आबा," मी म्हणालो. पुसल्याचं सांगितलं नाही. मेंदूचंही अजून सांगायचं राहिलंय.